डाळ शिजते का

रुवीत एकवीस वर्षं काढली, चौथ्या मजल्यावर,
समोरच्या इमारतीचे एसी मोजत.
मग लॅबच्या बदलीच्या अर्जावर
तीन गावांची नावं आली
आणि खाली एक ओळ: पसंती कळवावी.

हेमकांतने नकाशा पसरला.
पेट्रोलपंप, वळणं, मोठ्या इस्पितळाचं अंतर.
मी कुकर घेतला, दोन लिटरचा, शिट्टी जरा ढिली,
डब्यात तूरडाळ, चिमूटभर हळद,
सहलीचा छोटा सिलिंडर.
"हे कशाला?"
म्हटलं, जिथल्या पाण्यात डाळ शिजत नाही
तिथे आपण कसे मुरणार?

पहिलं गाव किनाऱ्याचं.
लिंबाच्या बागा, म्हणजे आता नुसती खोडं.
समुद्र आत आलाय, मालक म्हणाला,
वरून नाही, खालून.
विहिरीचं पाणी ओठाला लावलं तर घामासारखं.
सहा शिट्ट्या झाल्या, डाळ दाताखाली कचकच.
घर मात्र काय होतं!
निळी दारं, कोपऱ्यावर उधारीची वही ठेवणारा मल्याळी,
आणि उतरत्या उन्हात बायका एकेकट्या
चपला हातात घेऊन वाळूतून चाललेल्या,
एकीनेही मागे वळून पाहिलं नाही.
मी बराच वेळ उभी होते.
हेच तर हवं होतं.
डाळ कोंबड्यांनी खाल्ली.

दुसऱ्या गावात पाणी गोड.
दोन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी.
खजुरांखाली असा गारवा
की हेमकांत भर दुपारी गाणं पुटपुटला.
घर सपाटीवर, पांढऱ्या गोट्यांच्या काठाला.
"वादी," एजंट म्हणाला,
आणि माझ्या कानाने, जन्माची खोड,
"वाडी" ऐकलं.
वाडी म्हणजे चार घरं, एक पार, एक विहीर.
वादी म्हणजे नदी,
जी घरी नसते.
कधी येईल सांगून जात नाही.
एका अक्षराचा फरक.
तेवढ्यात हेमकांतने वर बोट दाखवलं:
खजुराच्या तुटक्या झावळ्यांत, दोन पुरुष उंचीवर,
अडकलेली एक लाल प्लास्टिकची खुर्ची.
"ही तिथे कोणी ठेवली?"
एजंटने घड्याळ पाहिलं.

तिसऱ्या गावात रस्ता संपतो.
घर चढावर, सात पायऱ्या.
मालकीण झुवैना बिन्त हमद,
एका हातात काठी, दुसऱ्यात बकरीचा दोर.
माझं अरबी दुकानातलं, भावापुरतं.
तरी विचारलं: पूर आला तर?
तिने काठीने दुसऱ्या पायरीवर ठोकलं:
आजोबांच्या वेळी.
चौथीवर ठोकलं:
माझ्या लग्नाच्या वर्षी.
मग पाचवीवर जाऊन बसली.
"आणि याच्या वर?"
"याच्या वर आम्ही."

पाण्याला पाळी असते तिथे, पाटाची,
भिंतीवरच्या सावलीने मोजलेली.
या घराची मंगळवारी, अर्धी सावली.
हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.
चार शिट्ट्या.
डाळ शिजली, पण सगळी नाही,
एखादा दाणा तसाच.
झुवैनाने चव घेतली, विचार केला,
आणि कमरेच्या पिशवीतून
एक वाळलेलं काळं लिंबू काढून
न विचारता कुकरमध्ये टाकलं.
आमसुलाचा लांबचा भाऊ.

परतताना दोघंही गप्प.
"स्थायिक" हा शब्द आमच्या कुठल्याच कागदावर नाही.
दोन दोन वर्षांचे तुकडे जोडून
एकवीस झाली, एवढंच.
रात्री हेमकांतने अर्ज भरला.
कारणाच्या रकान्यात, जागा दीड ओळीची,
सुवाच्य अक्षरात लिहिलं:
परिसर सुरक्षित व आल्हाददायक.
"तुला काही घालायचंय?"
मी कुकर घासत होते,
तळाला चिकटलेला तो एक अख्खा दाणा
नखाने सोडवत.